भट्टीशिवाय मोह : गावात मोहफुलांची सहल कशी भरवावी

बिअरचे शौकीन हल्ली बिअरसाठी प्रवास करतात. जर्मनीतल्या बाम्बर्गला जातात ते बीच लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची धुरकट बिअर प्यायला. बेल्जियमची बिअर संस्कृती २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. आपल्या जवळ गोव्याने फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले. अशा ठिकाणी माणूस नुसत्या नशेसाठी एवढ्या लांब जात नाही, नशा त्याच्या गल्लीतही मिळते. ‘हे फक्त इथेच’ एवढ्यासाठी तो तिकीट काढतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात ‘फक्त इथेच’ म्हणावे असे झाड बांधाबांधावर उभे आहे. अडचण एकच, मोह म्हटले की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे थेट हातभट्टी येते, आणि पुष्कळदा गावातल्या माणसाच्याही. खरे तर दारू हा मोहाचा एक उपयोग आहे. फूल वेचणे, वाळवणे, त्याचा राब म्हणजे आटवलेला घट्ट पाक काढणे, लाडू, भाकर, शरबत हे सगळे भट्टीच्या अलीकडचे, आणि पाहुण्याला दाखवण्यासारखे सारे काही त्यातच आहे. तीन-चार आठवड्यांच्या हंगामात हे नीट कसे बसवायचे, ते पुढे दिले आहे.

आधी कायदा

पाहुण्याचा पहिला प्रश्न ‘दारू मिळेल का?’ हाच असतो, म्हणून उत्तर आधी ठरवा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा आहेच, पण गाळण्यासाठी फुले आंबवून ठेवणे, म्हणजे ज्याला पोलीस आणि गाव दोघेही ‘सडवा’ म्हणतात तो बाळगणे, हाही गुन्हा आहे. हे लक्षात ठेवण्याचे कारण पुढे राबाच्या कृतीत येईल. एप्रिलच्या उन्हात पाण्यात विसरलेली फुले तुमची इच्छा नसतानाही सडव्याच्या वाटेला लागतात.

वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गडचिरोलीतली १९९३ पासूनची बंदी लोकांच्या चळवळीतून आली, ती वरून लादलेली नाही. चंद्रपूरमध्ये २०१५ ला लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. त्यामुळे ‘चंद्रपुरात चालतं, मग इथे का नाही’ असा वाद नागभीडहून आरमोरीला आलेला पाहुणा घालणारच. बंदीच्या जिल्ह्यात त्याने गाडीत आणलेली बाटलीसुद्धा चालत नाही, हे बुकिंग घेतानाच फोनवर सांगा. आल्यावर सांगितले तर तोंड वाकडे होते.

वाळलेले मोहफूलही या कायद्याच्या कक्षेत येते. स्वयंपाकापुरत्या पाच-दहा किलोंसाठी घाबरण्याचे कारण नाही, पण पोत्यांनी साठवायचे किंवा दुसऱ्या तालुक्यात न्यायचे असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या तालुक्याच्या कार्यालयात सध्याचा नियम विचारून घ्या. पाहुण्यांना खाऊपिऊ घालणार आणि राब बाटलीत भरून विकणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. मुक्काम ठेवायचा असेल तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते.

‘ओरिजिनल मिळेल का?’ या प्रश्नाला घरातल्या प्रत्येकाचे उत्तर एकच हवे: ‘नाही, आमच्याकडे फुलाचं मिळतं.’ डोळा मारून ‘बघू संध्याकाळी’ म्हणणारा एक पोरगा पुरेसा असतो, पुढच्या वर्षी फक्त तेच गिऱ्हाईक येते.

झाड कोणते, आणि कोणाचे

सहलीसाठी झाड शेताच्या बांधावरचे घ्या, जंगलातले नको. व्याघ्र प्रकल्पाच्या आणि राखीव वनाच्या हद्दीत पाहुण्यांना पायी फिरवता येत नाही, हे एक कारण. दुसरे त्याहून मोठे. मार्च-एप्रिलमध्ये ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड या भागात पहाटे मोह वेचायला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात. वाकून फुले वेचणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. अस्वल तर मोहफुलांसाठीच झाडाखाली येते. म्हणून गावठाणापासून हाकेच्या अंतरावरचे, भोवती झुडपे नसलेले, दोन्ही बाजूंनी दूरवर दिसेल असे झाड निवडा. अशी दोन झाडे हाताशी असावीत, कारण एक झाड साधारण दोन-तीन आठवडे फुले देते आणि दोन झाडांचा बहर क्वचितच एकाच दिवशी सुरू होतो. लवकर येणारे एक आणि उशिरा येणारे एक धरले तर हंगाम मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ताणता येतो.

झाड कोणाचे, हे विचारल्याशिवाय पाहुणे आणू नका. बांधावरच्या झाडाचा मालक सातबाऱ्यावर असतो, पण वेचण्याचा वहिवाटीचा हक्क दुसऱ्याच घराकडे असू शकतो. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात गौण वनोपजावर २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेचा हक्क आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे या वाटेवरचे देशातले अगदी पहिल्या गावांपैकी एक. तिथे किंवा तशा कुठल्याही गावात ग्रामसभेच्या ठरावाशिवाय हा उद्योग सुरू करणे म्हणजे पहिल्याच हंगामात भांडण विकत घेणे.

गोंड आणि माडिया गावांत नवे पीक, नवे फूल, नवे फळ आधी देवाला दाखवायचे आणि मगच तोंडात घालायचे, हा पंडुमचा नेम असतो. तो होईपर्यंत पाहुण्यांच्या चाखण्याची तारीख देऊ नका. गायता किंवा भूमिया ज्याला म्हणतात त्या गावच्या पुजाऱ्याला फेब्रुवारीतच विचारून ठेवा आणि मग बुकिंग उघडा. हा पूजेचा दिवस पाहुण्यांना दाखवायचा कार्यक्रम नाही. गावाने बोलावले तर गोष्ट वेगळी.

झाडाखालची तयारी

झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जमीन साफ करण्याची जुनी सवय आहे. फूल काळ्या जमिनीवर उठून दिसते, म्हणून ती पडली. पण उन्हाळ्यात जंगलात लागणाऱ्या वणव्यांचे हे एक नेहमीचे कारण आहे, शिवाय राख लागलेले फूल खाण्याच्या कामाचे राहत नाही. सहलीच्या झाडाखाली आग नको. खराट्याने झाडून घ्या आणि जाळी बांधा.

हिरवी शेडनेट चालते. मोठ्या झाडाखाली चार-चार मीटरचे चार तुकडे पुरतात. बांबूचे खुंट रोवून जाळी जमिनीपासून दोन फूट उंच बांधा आणि मध्ये वीतभर झोळ ठेवा. ताणून बांधलेल्या जाळीवर पडलेले फूल उडून बाहेर जाते, नेमका हाच भाग बहुतेक जण चुकतात. जाळीचा खर्च नको असेल तर जुनी सुती लुगडी एकमेकांना शिवून अंथरा. फक्त दव पडलेल्या सकाळी ती ओली होतात आणि फूल चिकटते.

जाळी रात्री सोडून गुंडाळून ठेवा, पहाटे पुन्हा बांधा. रात्रभर ठेवली तर गुरे तुडवतात, हरणे फुले खातात, आणि नायलॉनच्या जाळीत साप अडकतो. पहाटे जाळी अंथरताना बॅटरी मारून खाली पाहणे हे घरच्या माणसाचे काम, पाहुण्याचे नाही.

सकाळ

मोहाची फुले पहाटेपासून गळायला लागतात आणि ऊन चढेपर्यंत, म्हणजे नऊ-दहापर्यंत गळत राहतात. त्यामुळे अंधारात जाण्याची काहीच गरज नाही. मार्चअखेरीला इकडे सव्वासहाच्या आसपास सूर्य उगवतो. पावणेसहाला ओसरीवर चहा द्या, स्वच्छ दिसू लागल्यावरच निघा, साडेआठला परत या. पाहुणे दहा-बारापेक्षा जास्त नकोत, दर चार पाहुण्यांमागे गावातली वेचणारी एक बाई हवी. सगळ्यांनी एकाच बाजूला तोंड करून वाकायचे नाही. एक माणूस कायम उभा आणि चौफेर नजर ठेवून, बोलत किंवा खाकरत राहणारा.

टोपली बांबूची, हात स्वच्छ. वेचायचे ते रसरशीत, पिवळसर पांढरे फूल. तपकिरी पडलेले काल गळलेले असते आणि त्याला आंबूस वास सुटलेला असतो. पाहुण्याला हे दोन्ही नाकाशी धरून फरक दाखवा. कच्चे फूल दोन-चार चाखू द्या, ओंजळभर नाही. सवय नसलेल्याचे पोट बिघडते. मधुमेहाच्या पाहुण्याला आधीच सांगा की वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग साखरच असते.

आभाळ आले की गळ कमी होते. अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर त्या दिवसाची फुले स्वयंपाकासाठी वापरू नका. अशा दिवशी पैसे परत देण्यापेक्षा वाळवण आणि राब यांचा कार्यक्रम पुढे ओढा, त्याला आदल्या आठवड्याची फुले चालतात.

वाळवण

इथे घाई केली की वर्षभराचा माल जातो. ताज्या फुलात बहुतांश पाणी असते, त्यामुळे चार ते पाच किलो ओल्या फुलांचे एक किलो वाळलेले फूल मिळते. पाहुण्याने सकाळभर वेचलेले टोपले चौथ्या दिवशी मूठभर दिसते. हे त्याला शेजारी शेजारी दोन टोपल्या ठेवून दाखवा, भाव का परवडत नाही ते भाषणाशिवाय कळते.

अंगणात थेट शेणाच्या सारवणावर वाळवलेले फूल बाजारात चालते, तुमच्या शरबतात नको. माती आणि शेण चिकट फुलाला कायमचे लागतात, धुतल्याने निघत नाहीत, उलट धुताना साखर वाहून जाते. कमरेइतक्या उंचीचे बांबूचे मचाण करा, त्यावर ताट्या किंवा स्वच्छ जाळी, आणि फुलांचा थर एका बोटाच्या पेरापेक्षा जाड नको. जाड थरात मधली फुले गरम होतात, पाणी सोडतात आणि आंबतात. पहिल्या दिवशी दर दोन तासांनी हलवायचे, नंतर दिवसातून दोनदा. संध्याकाळी गोळा करून घरात. एप्रिलच्या विदर्भी उन्हात तीन ते पाच दिवस लागतात. वाळलेले फूल लालसर तपकिरी होते आणि मुठीत दाबून सोडले की सुटे होते. गोळा राहिला तर अजून एक ऊन.

आता केसर. फुलाच्या पोटात बारीक तंतू असतात. ते राहिले तर कडवटपणा आणि घशात खवखव. वाळलेले फूल दोन तळव्यांत हलके चोळायचे आणि सुपाने पाखडायचे. हे काम पाहुण्यांना आवडते, पण त्यांनी चोळलेल्या फुलांवरून घरच्या बाईचा हात एकदा फिरायला हवाच. नव्या माणसाच्या हातून एकतर केसर राहतात, नाहीतर फुलाचा भुगा होतो.

पावसाळ्यात वाळलेले फूल हवेतले पाणी ओढते, काळे पडते आणि बुरशी धरते. जूनच्या आधी पुन्हा एक कडक ऊन द्या, पूर्ण गार होऊ द्या, आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. गरम असतानाच झाकण लावले तर आतल्या वाफेने तीच बुरशी येते.

राब

सगळ्या पेयांचा पाया हा आहे, म्हणून इथे मोजमाप सोडू नका.

एक किलो स्वच्छ, केसर काढलेले वाळलेले फूल घ्या. तीन पाण्यांत झपाझप धुवा, प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही. आता तीन लिटर पाणी तापवा. तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले, पण उकळी फुटलेली नाही, एवढ्यावर गॅस बंद करा आणि ते फुलांवर ओता. झाकून पाऊण तास. अनेक घरांत फुले रात्रभर गार पाण्यात भिजत घालायची पद्धत आहे. उन्हाळ्यात ती टाळा, कारण फुलावर निसर्गतःच यीस्ट असते आणि चाळीस अंशांच्या दिवसानंतरच्या उबदार रात्रीत ते झपाट्याने कामाला लागते. सकाळी पाण्यावर फेस दिसला तर तो सडवाच. कायदा बाजूला ठेवला तरी त्याचा राब आंबूस होतो.

पाणी सुती कापडातून गाळा. पहिल्या गाळणीत पिळू नका, गर उतरला की तो कढईच्या बुडाशी बसून करपतो. उरलेल्या फुलांवर पुन्हा दीड लिटर तसेच गरम पाणी, अर्धा तास, आणि आता हलक्या हाताने पिळा. दोन्ही मिळून साधारण साडेतीन लिटर पाणी हाती येते. चोथा गुरांना घाला, ती आवडीने खातात.

आटवायला स्टीलची किंवा कल्हई केलेली पसरट कढई घ्या. लोखंडी कढईत रंग काळा होतो आणि चवीला लोखंड उतरते. सुरुवातीला मोठ्या आचेवर उकळा, वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहा. पाणी एका लिटरच्या खाली आले की आच अगदी मंद आणि हात थांबवायचा नाही. करपण्याची चूक शेवटच्या पंधरा मिनिटांत होते, आणि एकदा कडवट झालेला राब कशानेही सुधारत नाही. चुलीवर सगळे मिळून दीड ते दोन तास धरा.

झाला की नाही हे तारेवरून ओळखणाऱ्या बायांचा हात बसलेला असतो. नव्या माणसाने मोजावे. थर्मामीटर असेल तर उकळणाऱ्या राबाचे तापमान १०५-१०६ अंशांवर जाऊ द्या. नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरे: गार झालेला १०० मिलिलीटर राब १३३ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. १२५ भरला तर पातळ आहे, आठवड्याभरात आंबेल. पुन्हा आटवा. एक किलो फुलांतून सहाशे ते सातशे ग्रॅम राब मिळतो. फार कमी निघाला तर फुले धुताना पाण्यात राहिली, किंवा दुसरे पाणी पुरेसे गरम नव्हते.

उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत राब गरम असतानाच भरा, झाकण घट्ट लावा. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये. झाकण फुगले, उघडताना ‘फुस्स’ झाले किंवा वर फेस दिसला तर ती बाटली ओतून द्या, पाहुण्याला ‘थोडी चढेल’ म्हणून पाजू नका. आंबणारी बाटली काचेसकट फुटते, एवढे कारण पुरेसे आहे.

या राबाची ढेप पाडण्याच्या मागे लागू नका. उसाच्या रसासारखा तो घट्ट बसत नाही, बसला तरी हवेत पाझरतो.

चार द्रोण

क्राफ्ट बिअरच्या ठिकाणी एका फळीवर चार छोटे ग्लास देतात, हलक्यापासून जडापर्यंत. ती रीत उचलण्यासारखी आहे. फळी सागाची, आणि पहिल्या दोन व चौथ्या चवीसाठी पळसाच्या पानांचे द्रोण. सोड्याला मात्र काचेचा ग्लास, द्रोणात त्याचा फसफसाट दिसत नाही.

पहिला द्रोण राब आटवण्यापूर्वीच्या कोमट अर्काचा, पन्नास मिलिलीटर, काहीही न घालता. मोहाचा तो खास कस्तुरीसारखा, काहींना उग्र वाटणारा वास इथे पूर्ण येतो. पाहुणा नाक मुरडेल, मुरडू द्या. पुढच्या चवींत हाच वास कसा बदलतो हे त्याला इथूनच धरता येते.

दुसरा शरबताचा. तीस मिलिलीटर राब, माठातले एकशे सत्तर मिलिलीटर पाणी, चमचाभर लिंबाचा रस, चिमूटभर सैंधव. एवढ्यात तीन द्रोण होतात.

तिसरा ग्लास सोड्याचा, आणि गर्दी खेचतो तो हाच. तीस मिलिलीटर राब आधी दोन चमचे कोमट पाण्यात सैल करा, नाहीतर गार सोड्यात तो तळाशी दगडासारखा बसतो. त्यातच दोन चमचे लिंबू, अर्धा चमचा आल्याचा रस आणि चिमूटभर काळे मीठ विरघळवा. मीठ नंतर वरून टाकले तर ग्लास उतू जातो. मग दीडशे मिलिलीटर बर्फगार सोडा ग्लासच्या कडेने सोडा आणि चमचा एकदाच फिरवा. रंग गडद तांबूस येतो, फेस येतो, दिसायला थेट बिअर. म्हणूनच फळ्यावर ‘मोह बिअर’ असे लिहू नका. एक तर ती बिअर नाही, आणि त्या नावाने येणारा माणूस नाराज होऊन जातो. ‘मोह सोडा’ हे नाव साधे आणि खरे आहे.

शेवटी ज्वारीची आंबील, गोडाने चिकटलेले तोंड धुवायला. शंभर ग्रॅम ज्वारीचे पीठ पाव लिटर आंबट ताकात कालवून झाका, एप्रिलमध्ये सहा-सात तास पुरतात. रात्रभर ठेवले तर आंबट ढाण होते. एक लिटर पाण्याला उकळी आणून हे कालवण धार धरून सोडा आणि दहा मिनिटे ढवळत शिजवा. धार मोठी पडली की गुठळ्या. गार झाल्यावर अर्धा लिटर पातळ ताक, मीठ, भाजलेले जिरे, ठेचलेला लसूण, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. धानपट्ट्यात ज्वारीऐवजी तांदळाच्या कणीची आंबील करतात, तुमच्या गावात जी होते तीच द्या. दहा-बारा जणांना हे माप पुरते.

सोबत लाडू. पाव किलो वाळलेली फुले चमचाभर तुपात मंद आचेवर फुगून कडक होईपर्यंत भाजा, दहा मिनिटे गार करा, दीडशे ग्रॅम भाजलेले तीळ किंवा जवस घालून उखळात कुटा. तेल सुटले की मिश्रण आपोआप वळते, गूळ लागत नाही. फार वेळ उघडे ठेवून कुटले तर फूल पुन्हा मऊ पडते आणि लगदा होतो.

जेवण

सावजीचा रस्सा घालू नका. तो नागपुरात मिळतो, आणि मोहाची चव त्या तिखटाखाली सापडणार नाही. भंडाऱ्याकडे असाल तर चिन्नोरचा भात, त्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सोबत पोपटीच्या वालाची भाजी आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. ताटातल्या प्रत्येक गोष्टीचे गाव सांगता आले पाहिजे. ज्याचे सांगता येत नाही, ती ताटातून काढा.

पैसे

एक किलो वाळलेल्या फुलांच्या राबातून सोड्याचे पंधरा-सतरा ग्लास होतात. गावच्या बाजारात किलोला जो भाव मिळतो तो कागदावर मांडा, त्याखाली एका ग्लासची किंमत मांडा, आणि मधल्या फरकाचे काय करायचे ते हंगामाआधी ठरवा. तो फरक बहुधा फळीवाल्याच्या, म्हणजे शेत ज्याचे त्याच्या खिशात जातो आणि वेचणारणीला रोजी मिळते. आमच्या मते वेचणाऱ्या बायांना तीन वेगवेगळे पैसे हवेत: फुलांचे बाजारभावाने, पाहुण्यांबरोबरच्या सकाळचे वेगळे, आणि विकलेल्या प्रत्येक बाटलीमागे ठरलेला वाटा. पाहुण्यांनी वेचलेली फुलेही झाडाच्या हक्कदाराचीच, ती मोजून त्याच्या टोपल्यात.

माहिती सांगण्याचे कामही शक्यतो तिच्याकडे द्या. नागपूरहून आणलेला गाईड मोहाचे शास्त्रीय नाव सांगेल. यंदा फुले उशिरा का, गेल्या पावसाचा गळीवर काय परिणाम झाला, या झाडाचे फूल गोड आणि पलीकडच्याचे पांचट का, हे तिलाच ठाऊक असते. ती झाडीबोलीत बोलेल, गोंडी शब्द मधे येतील. भाषांतर करणारा एक पोरगा शेजारी ठेवा, पण तिचे वाक्य पुरे झाल्याशिवाय त्याने तोंड उघडायचे नाही.

एप्रिलच्या उत्तरार्धात फूल संपते. तेव्हा पाटी उतरवून ठेवा. जून-जुलैत टोळ, म्हणजे मोहाची फळे पिकतात, त्यांच्या बियांचे तेल निघते, आणि घाण्यावरचे ताजे तेल पाहायला पुन्हा चार माणसे बोलावता येतात. मधल्या काळात आलेल्या फोनला ‘आत्ता काही नाही, मार्चमध्ये या’ एवढेच सांगा आणि त्यांचा नंबर वहीत लिहून ठेवा.